मावा जिंकणार की ढालकिडा?

हिवाळ्यात म्हसवडला माणगंगेकाठच्या शाळूच्या रानात गेलात, तर ज्वारीचं एखादं पान उलटून बघा. बोटांना चिकट लागलं? मग मावा आलाय! हे हिरवट-पिवळे बारीक किडे रस शोषतात आणि गोड पाणी सोडतात. शेतकरी म्हणतात, ‘चिकटा पडला’. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते आणि आठवडाभरात ती पिल्लंही आई होतात!

जवळच लाल पाठीचा ढालकिडा दिसेल. त्याची काळपट अळी इवल्या मगरीसारखी दिसते. तिला चिरडू नका हं, तीही मावाच खाते.

आता वही काढा. नियम आपणच ठरवू. मावा दर आठवड्याला दुप्पट होतो, एक ढालकिडा आठवड्यात 200 मावे खातो आणि ढालकिडे दर आठवड्याला दीडपट होतात. सुरुवातीला 1000 मावे, 4 ढालकिडे. पहिल्या आठवड्यानंतर 1200 मावे, 6 ढालकिडे. मग 1200 आणि 9. मग 600 आणि 13 (अर्धा ढालकिडा सोडून द्या!). चौथ्या आठवड्यात मावे होतात 1200, पण ढालकिड्यांना हवेत 2600. मावा फस्त, ढालकिडे उपाशी! खऱ्या रानात थोडा मावा लपून उरतो. ढालकिडे घटले, की तो पुन्हा वाढतो.

अशा चढउताराची समीकरणं अमेरिकेत लोटका यांनी 1925 मध्ये आणि इटलीत व्होल्तेरा यांनी 1926 मध्ये मांडली. व्होल्तेरांना कोडं घातलं होतं त्यांच्या जावयानं, द’अंकोनानं. पहिल्या महायुद्धात मासेमारी घटली, तेव्हा फियुमे बंदराच्या बाजारात शिकारी माशांचा वाटा 1914 च्या 12 टक्क्यांवरून 1918 मध्ये 36 टक्क्यांवर गेला. असं का? गणितानं सांगितलं, शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सारखंच मारत राहिलं, तर फावतं भक्ष्याचं. मारणं थांबलं, की शिकारी वाढतात.

आता हेच शाळूवर लावा. फवारणीत सगळे ढालकिडे मेले आणि 1000 पैकी 100 मावे वाचले. पुढं? 200, 400, 800, 1600! महिन्याभरात मावा आधीपेक्षा जास्त. म्हणून फवारणीआधी पानावर ढालकिडे किती आहेत, ते मोजायचं.

आता तुमची पाळी. सुरुवातीला 4 ऐवजी 2 ढालकिडे घ्या आणि आठ आठवडे मांडा. कोण जिंकतं?