गोवराला फट पुरते

५ डिसेंबर २०१९. सामोआची राजधानी आपिया सकाळपासून ओस पडलेली. दुकानं बंद, रस्त्यांवर शुकशुकाट, आणि घरांपुढे कुठे झाडाला, कुठे खांबाला बांधलेली लाल फडकी. घरात लस न घेतलेलं कोणी असेल तर बाहेर लाल कापड लावा, असं सरकारनेच सांगितलं होतं. सरकारी कामकाज दोन दिवस बंद ठेवलं होतं आणि लसीकरणाची पथकं लाल कापड दिसेल त्या दारी थांबत गावोगाव फिरत होती.

प्रशांत महासागरातल्या या देशाची लोकसंख्या साधारण दोन लाख. तिथे काही महिन्यांत गोवराचे ५,७००हून अधिक रुग्ण निघाले आणि ८३ जण दगावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती.

या साथीचं मूळ वर्षभर आधीचं. जुलै २०१८मध्ये सामोआच्या सवाई बेटावर गोवराची एमएमआर लस टोचल्यावर दोन बाळांचा मृत्यू झाला. ही लस पूड स्वरूपात येते आणि टोचण्याआधी ती ठरावीक शुद्ध पाण्यात मिसळतात. परिचारिकांनी त्या पाण्याऐवजी भूल देताना वापरायचं, स्नायू सैल करणारं औषध मिसळलं होतं, तेही मुदत उलटलेलं. दोघींना पुढे तुरुंगवास झाला. मात्र दरम्यान सरकारने ही लस कित्येक महिने बंद ठेवली आणि लोकांच्या भीतीवर जणू शिक्काच मारला. घाबरलेल्या आईबापांना अडाणी ठरवणं सोपं. पण लस सरकारच थांबवतंय म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय समजायचं? बाळांना पहिला डोस मिळण्याचं प्रमाण घसरून ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. २०१९मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवर पसरला होता. दोन्ही देशांत रोजची ये-जा, त्यामुळे तो सामोआत पोचायला वेळ लागला नाही.

गोवर टोंगा आणि फिजीतही पोचला. टोंगात तर शेकडो रुग्ण सापडले. पण या दोन्ही देशांत लसीकरण सामोआपेक्षा कितीतरी चांगलं होतं. तिथे गोवराने एकही जीव गेला नाही.

हा फरक पडतो समूह प्रतिकारशक्तीमुळे, म्हणजेच कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या ‘हर्ड इम्युनिटी’मुळे. तिचा हिशोब सरळ आहे. प्रतिकारशक्ती कोणातच नसेल, तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. समजा, हा आकडा १५ धरला. साथ ओसरायची तर एका रुग्णाकडून सरासरी एकालाही लागण होता कामा नये. म्हणजे पंधरांतले चौदाहून अधिक जण आधीच सुरक्षित हवेत, टक्केवारीत ९३च्या वर. शिवाय एका डोसनंतरही शंभरातल्या सुमारे सात जणांना पुरेसं संरक्षण मिळत नाही. दोन डोसनंतर असे तीनेक उरतात. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस, हे उद्दिष्ट. पोलिओ इतका संसर्गजन्य नाही, तिथे ८० ते ८५ टक्क्यांवर भागतं. धनुर्वाताला मात्र हे गणित लागूच पडत नाही. त्याचे जंतू मातीतून जखमेत शिरतात, त्यामुळे शेजाऱ्याने घेतलेली लस आपल्या काही कामाची नाही.

लस न घेता, सगळ्यांना आजार होऊन गेला तर? फेरो बेटांवर हे घडलेलं आहे. तिथे १७८१नंतर ६५ वर्षं गोवर फिरकला नव्हता. १८४६मध्ये तो आला आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,०००च्या आसपास लोक आजारी पडले. तरुण डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा १७८१ची साथ भोगलेले म्हातारे यातून सुटल्याचं त्यांना दिसलं. एकदा आलेली प्रतिकारशक्ती त्यांना आयुष्यभर पुरली होती; पण त्यांच्यामागून जन्मलेल्या दोन-तीन पिढ्या पूर्ण उघड्या पडल्या होत्या.

आता टक्केवारीची दुसरी बाजू. राज्याचा किंवा शहराचा आकडा चांगला असला, तरी लस न मिळालेली मुलं एकाच वस्तीत गोळा झालेली असू शकतात, आणि गोवराला तेवढी फट पुरते. मुंबईत २०२२च्या अखेरीस गोवंडीच्या दाट वस्तीत हेच झालं. कोविडच्या काळात अनेक बाळांचे डोस राहून गेले होते. गोवर पसरला, मुलं दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण निघाले. एरवी गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. पण त्याहून लहान बाळांनाही गोवर होऊ लागला, तेव्हा बाधित भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा ‘झिरो डोस’ द्यायचं ठरलं. या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या कामात अडथळा आणू शकते, म्हणून हा डोस नेहमीच्या दोनांत धरत नाहीत. तो घेतलेल्या बाळांनाही पुढे नऊ महिन्यांनंतर आणि मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान लस टोचून घ्यावीच लागते.