गावाकडून विद्यापीठाकडे (भाग ६) : चालणं कुठं गेलं?

लासूर स्टेशनहून संभाजीनगरला शिकायला जाणाऱ्या पोरांचे सरळ दोन गट पडतात : अपडाऊनवाले आणि खोली करून राहणारे. गेल्या आठवड्यात आपण दोघांच्या खर्चाचा हिशेब मांडला. आज पायांचा हिशेब मांडू.

समजा, वस्तीपासून रेल्वे स्टेशन २ किलोमीटर आहे. झपझप चाललं तरी २५ मिनिटं जातात. जाऊन-येऊन ५० आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर २५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. म्हणजे रोज गाडी गाठणारा पोरगा मैदानाचं तोंडही न पाहता त्यात बसतो. तो देवगिरी महाविद्यालयात असेल तर शहरात उतरल्यावरही स्टेशन रोडनं पायीच निघतो.

आता खोलीवाला बघा. खोली बेगमपुऱ्यात किंवा पहाडसिंगपुऱ्यात, विद्यापीठ जवळ, मेस गल्लीत, अभ्यासिका चार घरं सोडून. सगळं हाताशी असावं म्हणूनच तर घरच्यांनी पोटाला चिमटा काढून भाडं भरलेलं. सकाळी अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेसमध्ये जेवायचं, की पुन्हा खुर्ची. रात्री अंथरुणावर मोबाइल. गावात हा पोरगा व्यायाम कधीच करत नव्हता, पण मोटर चालू करायला शेतात जात होता, रात्रीची लाइट असली की दारं धरत होता, कांदा निघाला की गोण्या उचलत होता. ते सगळं काम म्हणून होत होतं. काम सुटलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंच नाही. त्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चालायचं कारणच त्याच्या दिवसातून निघून गेलं आहे.

स्थलांतरानं शरीरावर काय होतं, हे तपासणारा एक मोठा अभ्यास आपल्याकडे झाला आहे. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतले गावाकडून आलेले कामगार घेतले आणि त्यांची तुलना गावातच राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केली. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आईबाप एक, बालपण एक, फरक फक्त गाव सोडल्याचा. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहरात आलेल्या पुरुषांत लठ्ठपणा गावातल्यांच्या सुमारे दुप्पट निघाला आणि मधुमेहही दुपटीहून जास्त. याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की अंगावरची चरबी शहरातल्या पहिल्या दहा वर्षांतच झपाट्यानं चढते. हे कामगार होते, विद्यार्थी नव्हते, हे खरं. पण आपली पोरं ही दहा वर्षं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच सुरू करतात, आणि तीही खुर्चीवर बसून.

याला एक अपवाद आहे, तो भरतीच्या पोरांचा. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक. मुलींना ८०० मीटर. पहाटे अंधारात, हातात मोबाइलचं घड्याळ लावून ही पोरं पळत असतात. मात्र जाहिरात लांबली किंवा वय निघून गेलं की बूट कोपऱ्यात पडतात. चाचणीपुरतं कमावलेलं अंग चाचणीबरोबर जातं.

मुलींचं मला जास्त लागतं. गावी असताना ती दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचते, थंडीत कांद्याची रोपं लावायला वाफ्यात उतरते, पाणी भरते. शहरात आली की वसतिगृहाची वेळ आडवी येते. मैदानावर मुलगे आधीच असतात. संध्याकाळी एकटी चालायला निघाली तर ‘कुठं चाललीस?’ विचारणारे चारजण भेटतात. भारतातल्या सुमारे निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या आकडेवारीत आहे. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. ही पंधरा टक्क्यांची तफावत इच्छाशक्तीची नाही. ती उजेडाची, वेळेची आणि लोकांच्या नजरांची आहे.

जागेची तक्रार मात्र इथं करता येणार नाही. विद्यापीठाचा परिसर शेकडो एकरांचा, पाठीशी डोंगर, जवळच लेणी आणि गोगाबाबाची टेकडी. पहाटे तिथं शहरातली उतारवयाची माणसं फिरताना दिसतात, अनेकजण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. त्यांच्यात पहिल्या वर्षाच्या मुलीही दिसायला हव्यात. त्यासाठी नवीन जिम बांधायची गरज नाही. मुलींसाठी मैदानाचा एक तास राखून ठेवावा, त्या वाटेवरचे दिवे चालू असावेत आणि वसतिगृहाचं फाटक तासभर लवकर उघडावं. प्रवेशाच्या दिवशी वडील फीची पावती घेतात, तेव्हाच ते फाटक सकाळी किती वाजता उघडतं हेही त्यांनी विचारावं.

पुढच्या आठवड्यात : मेसचं ताट.