मुक्काम पाण्याजवळ

दिवाळीनंतरचे तीन महिने सह्याद्रीत मुक्कामी भटकंती करावी. पाऊस सरलेला असतो, कारवीच्या रानातल्या वाटा पुन्हा दिसू लागतात, गडांवरच्या खोदीव टाक्यांत पाणी असतं. तंबू कोणता घ्यावा, सॅक किती लिटरची असावी, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते आखणी एकाच प्रश्नापासून सुरू व्हावी: रात्री जिथे पाठ टेकायची, तिथे पाणी आहे का?

अकोले तालुक्यातली रतनगड ते हरिश्चंद्रगड ही तीन दिवसांची चाल घ्या. रतनवाडीला अमृतेश्वराच्या राउळापासून निघायचं, लोखंडी शिड्या चढून रतनगडावर जायचं, नेढ्यात बसून वारा अंगावर घ्यायचा आणि गडावरच्या गुहेत रात्र काढायची. दुसरा दिवस कात्राबाईच्या खिंडीचा. अलीकडे प्रवरेचं खोरं, पलीकडे मुळेचं. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात दाट रान, जिकडेतिकडे फुटलेल्या ढोरवाटा आणि उतारावरचा घसारा. पुढे कुमशेत, मग पाचनई.

एका जानेवारीत या खिंडीच्या अलीकडेच आम्ही चुकीची ढोरवाट धरली. दोन तास कारवीत गेले. कुमशेतला उतरलो तेव्हा चौघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं होतं. पहिल्याच घरातल्या मावशींनी काही न विचारता कळशी पुढे केली आणि मग म्हणाल्या, "वाट दाखवायला कुणी न्हाई घेतलं?" तेव्हापासून मी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय अनोळखी खिंड ओलांडत नाही. कोणतं टाकं कधी आटतं, पावसात कुठली वाट ढासळली, हे त्याला ठाऊक असतं. मोबाइलमधल्या नकाशाला ते कळत नाही. त्याची मजुरी खर्चात आधी धरा, जेवणही त्याच्याच गावात सांगा.

पाणी माणशी किमान तीन लिटर घेऊन निघावं, उन्हाळ्याकडे झुकताना चार. त्याचंच ओझं तीन-चार किलो होतं, म्हणून बाकीचं सामान निर्दयपणे कमी करावं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; साडेचारपर्यंत मुक्काम गाठता येईल, अशा बेतानेच सकाळी निघावं. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी हवी.

पाचनईवरून हरिश्चंद्रगड अडीच-तीन तासांत येतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब पडते, आणि बेलपाड्याची नळीची वाट दोर आणि अनुभव असणाऱ्यांनीच धरावी. गडावर केदारेश्वराच्या गुहेतलं गार पाणी, सप्ततीर्थ पुष्करणी, तारामती, सारं पाहावं. कोकणकड्यावर तंबूंची जी गर्दी होते, ती मात्र मला बघवत नाही. कड्याची कडा आतून पोखरल्यासारखी वळलेली आहे आणि खालून येणारा वारा तंबू उचलतो. कडा पाहून मागे या, तंबू मंदिराच्या बाजूला आडोशाला लावा.

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ सालचा. इथे लाकूड तोडून शेकोटी पेटवणं म्हणजे जंगलावर हात टाकणं. शिवाय धूर आणि अत्तराचा वास आग्या मोहोळ उठवतो, आणि कड्यावर मधमाश्या मागे लागल्या तर पळायला जागा नसते. मुक्कामाचे नियम प्रत्येक रानाचे वेगळे. कोयना अभयारण्यातल्या वासोट्यावर वनखात्याच्या परवानगीने जाता येतं, मात्र रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीने परतावं लागतं. वननाक्यावर चौकशी केल्याशिवाय तारीख पक्की करू नका. अलंग-मदन-कुलंगचा बेत असेल तर कातळटप्प्यांसाठी दोर आणि तो हाताळणारा जाणकार, दोन्ही हवेत.

निघण्यापूर्वी गावांची नावं, मुक्काम आणि उतरण्याची वेळ कागदावर लिहून घरी ठेवा. आणि खाली आलात, मोबाइलला रेंज मिळाली, की सगळ्यांत आधी त्या घरी फोन करा.