डावीकडच्या शून्याची किंमत

आकड्याच्या डावीकडील शून्याला किंमत नसते, असे शाळेत शिकविले जाते. आकडेमोडीपुरते ते खरेही आहे. मात्र आकडा मोजणीसाठी नव्हे, तर ओळखीसाठी वापरला जातो, तेव्हा याच शून्यावर सारी भिस्त असते. पिंपरी-चिंचवडच्या वाहनांवर 'एमएच १४' असते, तर मध्य मुंबईच्या वाहनांवर 'एमएच ०१'. तेथील शून्य गाळून चालत नाही.

चाकण परिसरात तयार होणाऱ्या मोटारींचा चासी क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो. त्याच्या अखेरीस अनुक्रमांक येतो. त्यासाठी सहा जागा राखल्या असतील, तर सातवी गाडी '७' नव्हे, '०००००७' ठरते. शून्याशी गल्लत टाळण्यासाठी या क्रमांकात इंग्रजी 'ओ' हे अक्षर वापरतच नाहीत. शून्ये न भरल्यास आणखी एक घोटाळा होतो. संगणक असे क्रमांक मजकूर म्हणून डावीकडून ताडून पाहतो. त्यामुळे १, १०, १०० यांच्यानंतर २ येतो.

ही शून्ये भरण्याची सुबक रीत 'अ‍ॅरे' भाषांमध्ये आढळते. केनेथ आयव्हरसन यांच्या १९६२ मधील पुस्तकातून पुढे आलेली 'एपीएल' ही त्यांपैकी आद्य भाषा. तीत आकड्यांची संपूर्ण यादी हीच एक वस्तू मानली जाते. 'एन्कोड' या क्रियेला चार वेळा दहा हा पाया दिला, की ती प्रत्येक आकड्याची हजार, शतक, दशक व एकक अशी फोड करते. ७ चे ०, ०, ०, ७ होतात. ३५० चे ०, ३, ५, ०. हजार आकडे असले तरी आज्ञा एकच.

धोकाही येथेच दडला आहे. चार जागांच्या चौकटीत १०००७ हा आकडा दिला, तर 'एन्कोड' कोणतीही तक्रार न करता पुढचा एक गाळते आणि उरते तेच ०००७. दोन भिन्न सुट्या भागांना एकच ओळख मिळते. सदोष भाग बाजारातून परत मागविण्याची वेळ आल्यास नेमका कोणता परत घ्यायचा, हे मग नोंदीवरून सांगता येत नाही. म्हणूनच यादीतील सर्वांत मोठा आकडा आधी तपासावा, जागांची संख्या त्यानंतर ठरवावी आणि असे क्रमांक प्रथमपासून मजकूर म्हणूनच साठवावेत.