बलुत्याऐवजी रोख

पैशावाचून समाज चालू शकेल काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी आणि ध्येयवादी सुधारकांनी पुष्कळदा विचारला आहे. परंतु ज्या मुलखात तो निव्वळ कल्पनेचा नसून निदान काही अंशी इतिहासाचा आहे, त्या आपल्या देशावरच्या खेड्याकडे त्यांतल्या फार थोड्यांची दृष्टी वळली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गाव-गाडा’ विद्यार्थिदशेत प्रथम हाती आला, तेव्हापासून या प्रश्नाने मला सोडलेले नाही. गावचा सुतार वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करतो, लोहार फाळ शेवटतो, न्हावी डोई करतो, परीट कपडे धुतो, आणि या कशाबद्दलही कोणाच्या हातावर पैसा पडत नाही. सुगीत खळ्यावर प्रत्येकाचे बलुते, म्हणजे पेंढ्या आणि घुगरी, ठरलेले असते, ते उचलून तो घरी नेतो व पुन्हा वर्षभर कामाला लागतो. हे शतकानुशतके चालले आणि राजवटी बदलल्या तरी चालतच राहिले, ही गोष्ट मला दीर्घकाळ विस्मयकारक वाटत आली.

बलुत्यांच्या याद्या, त्यांच्या थोरल्या-मधल्या-धाकट्या ओळी आणि अलुत्यांची गणती यांत येथे शिरण्याचे कारण नाही. इतिहासकार ग्रँट डफने दिलेली सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, भट, मुलाणा ही बारांची यादी बहुतेकांच्या परिचयाची आहे, आणि ती परगण्यापरगण्यांत थोडीफार बदलते हेही सर्वज्ञात आहे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या ग्रामसंस्थेची जी वाखाणणी केली, तिच्या आधारावर पुढे शंभर वर्षे ‘स्वयंपूर्ण खेडे’ या कल्पनेचे इमले उभारले गेले. नाणे गावात शिरले आणि सुख गावाबाहेर गेले, असे मानणारा एक मोठा पक्ष आपल्याकडे आजही आहे.

या कल्पनेची तपासणी ज्या संशोधकांनी केली, त्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते हिरोशी फुकाझावा हे जपानी विद्वान. अठराव्या शतकातील महाराष्ट्राच्या खेड्यांतील ग्रामसेवकांवर त्यांनी १९७२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तत्पूर्वी विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातील एका खेड्याच्या अभ्यासावरून १९३६ साली ‘जजमानी’ पद्धतीचे जे वर्णन केले होते, तेच सर्व हिंदुस्थानाला लागू करण्याचा प्रघात पडला होता. त्या वर्णनात कारागीर एकेका यजमान कुटुंबाशी बांधलेला असतो. फुकाझावा यांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखवले, की आमच्याकडे बलुतेदार कोणा एका कुळाचा नोकर नसून समस्त गावाचा वतनदार, म्हणजे वंशपरंपरेचा हक्कदार, असे. त्याचे देणे गाव देई, त्याचा वाद गोतसभेपुढे चाले आणि निर्णयाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. हा फरक वाचताना किरकोळ भासतो. परंतु गावच मालक असेल, तर धन्याशी बिघडले म्हणून दुसऱ्या धन्याकडे जाण्याचा मार्गही उरत नाही, हे ध्यानी आले म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

त्याच कागदपत्रांतून दुसरीही एक गोष्ट उघड होते. बलुते धान्यात मिळत असले, तरी बलुत्याचा हक्क मात्र रुपयांत विकला जाई. पाटिलकी-कुळकर्णाची खरेदीखते प्रसिद्धच आहेत. पण कारागिरांची वतनेही गहाण पडत, वाटली जात व विकत घेतली जात. सरकारचा वसूल पुष्कळ ठिकाणी नक्त, म्हणजे रोख, मागितला जाई, आणि तो भरण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागे. पुण्याजवळच्या लोणी गावाचे जे वर्णन डॉ. थॉमस कोट्स यांनी पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या काही वर्षांत लिहून १८२३ साली प्रसिद्ध केले, त्यात तेथील बहुतेक कुणबी कर्जात बुडालेले आढळतात. फ्रँक पर्लिन यांनी तर मराठी मुलखातील अठराव्या शतकाचे हिशेब चाळून, तांब्याच्या नाण्यांपासून कवड्यांपर्यंत क्षुद्र चलन खेड्यापाड्यांत किती खोलवर खेळत होते, हे दाखवून दिले आहे. पैशावाचून चाललेला गाव म्हणून जो आपण दाखवतो, तो चोहोबाजूंनी पैशाने वेढलेला होता. नाण्याच्या व्यवहारातून वगळली गेली होती ती गावातल्या काही माणसांची मेहनत.

ती कोणाची, हे पाहू गेले म्हणजे दृष्टी वेशीवरच्या महारापाशी येऊन थांबते. वेशीची राखण करणे, वाटसरूला वाट दाखवणे, सरकारी टपाल पोचवणे, मयताची वर्दी गावोगाव नेणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे महारकीची. गावचा वसूल गोळा झाला म्हणजे भरण्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यापर्यंत सांभाळून नेणारा माणूसही तोच. गावातली सर्वांत मोठी रोकड ज्याच्या भरवशावर वाट चाले, त्याचा स्वतःचा मोबदला हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि घरोघर मागून आणलेली भाकर यांत चुकता होई. महार मंडळींत बावन्न हक्कांची एक परंपरा चालत आली आहे. बेदरच्या बादशहाने ते हक्क सनदेने दिले असे ती सांगते, आणि अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा परामर्श घेतला आहे. हीच परंपरा पुष्कळ ठिकाणी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी जोडली जाते: दुष्काळात पंतांनी सरकारी कोठारे रयतेला लुटवली, आणि त्या धान्याची रक्कम घेऊन प्रत्यक्ष विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बादशहाच्या दरबारी हजर झाला. सनदेच्या खरेखोटेपणाचा वाद मला दुय्यम वाटतो. ज्यांना गावाने कधी रोख दिली नाही, त्या लोकांच्या सर्वांत प्रिय कथेत त्यांच्या वेषातला देव बादशहाचे देणे रोख फेडतो, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

आत्र्यांना गावगाड्याची ममता होती. तरीही मुलकी खात्यात गावोगाव फिरलेल्या या माणसाने वंशपरंपरेच्या चाकरीची बाजू घेतली नाही. काम चांगले झाले काय अथवा वाईट झाले काय, बलुते ठरलेलेच. त्यामुळे कारागिराचा हुन्नर खुंटतो, आणि खळ्यावर धान्य येते न येते तोच इतके हात पुढे होतात की कुणब्याचा निकाल लागतो, असे त्यांचे सांगणे होते. कामाप्रमाणे दाम हा त्यांचा कौल होता. परंतु आत्र्यांची दृष्टी मुख्यतः कुणब्याच्या राशीवर होती. पेंढी उचलणाऱ्याच्या बाजूने हाच हिशेब मांडला गेला तो तेरा वर्षांनी, आणि खेड्यात नव्हे, तर मुंबईच्या कायदेमंडळात.

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक तेथे मांडले. आपल्याकडील आर्थिक विचाराच्या इतिहासात त्याला जितके स्थान मिळायला हवे, तितके मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कलमे वरवर रुक्ष आहेत. ज्या वतनदाराची इच्छा असेल, त्याने जमिनीचा पूर्ण आकार, म्हणजे सारा, भरावा, चाकरीतून मोकळे व्हावे आणि ती जमीन इतर रयतेप्रमाणे धारण करावी. बलुत्याचे रूपांतर रोख करात व्हावे आणि तो सरकारने जमीनमहसुलाबरोबर वसूल करावा. महाराने कोणती कामे करावयाची आणि कोणाच्या हुकमाने, हे नियमांनी ठरवावे. या तिन्हींत मला मधले कलम सर्वांत मूलगामी वाटते, कारण गावकऱ्यांची देण्याची जबाबदारी त्याने रद्द केली नाही. देणारा व घेणारा यांच्यामध्ये फक्त सरकारी खजिना आणि नाणे आणून ठेवले. खळ्यावर जाऊन हात पसरण्याची पाळी न येता तीच किंमत हक्क म्हणून हाती पडावी, एवढाच त्याचा हेतू होता. आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्रातून १९२७ पासूनच त्यांनी महारांच्या वतनाचा प्रश्न मांडला होता: सरकार ज्याला आपला नोकर म्हणते, त्याचा पगार सरकार स्वतः देत नाही, रयतेच्या मर्जीवर सोडते, मग ती मर्जी फिरली की पोटाला चिमटा बसतो, आणि मर्जी राखायची तर मान वर करता येत नाही.

विरोध दोन बाजूंनी झाला. सरकारला रोख पगाराचा बोजा नको होता. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या महारांतही वतन सोडण्याची धास्ती मोठी होती, कारण जमिनीचा तो तुकडा आणि गावाशी असलेले ते नाते, कसेही असले तरी, बापजाद्यांपासून आलेले होते. वतन कितीही तुटपुंजे असले तरी तीच माणसाची गावातली ओळख होती, आणि ती रोख रकमेवर तोडून टाकावी हे सहजी पटण्यासारखे नव्हते. त्या भीतीला मी अज्ञान म्हणणार नाही. आंबेडकरांनी सभा भरवून लोकांना समजावले, आणि विधेयक फेटाळले गेल्यास महारांचा संप घडवून आणू असे सभागृहात बजावले. विधेयक निवड समितीकडे गेले. तेथून बाहेर पडताना त्याचे रूप असे काही पालटले होते, की १९२९ साली त्यांनी ते स्वतःच मागे घेतले.

बलुतेदारीच्या वरच्या टोकाला असलेल्या जोशीवतनाचे प्रकरण याच्या आधीच निकालात निघाले होते, आणि त्याची या विधेयकाशी तुलना उद्बोधक आहे. जुन्नराजवळच्या ओतूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सत्यशोधक पद्धतीने, ब्राह्मण पुरोहिताविना लग्ने लागली, तेव्हा गावच्या जोश्यांनी आपला हक्क बुडाला म्हणून बाळाजी कुसाजी पाटलावर दावा केला आणि तो वाद हायकोर्टापर्यंत गेला. न केलेल्या विधीची दक्षिणा मागण्याचा हा हक्क अखेर १९२६ च्या कायद्याने संपुष्टात आला, त्यामागे सी. के. बोले यांचे प्रयत्न होते. येथे यजमान मोकळा झाला, कारण तो देणारा होता. महाराच्या बाबतीत सुटका हवी होती ती चाकरी करणाराची, आणि तिला तीस वर्षे अधिक लागली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळावयाचा नाही. नाणे हाती आले म्हणजे माणूस मोकळा झाला, असे म्हणता येते काय? अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीने, जिच्यात आंबेडकरही सभासद होते, १९३० च्या आपल्या अहवालात गावोगावच्या सामाजिक बहिष्काराचे वर्णन केले आहे. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांची वाट अडवली जाई, त्यांना कामावर घेतले जात नसे, आणि गावचा दुकानदार त्यांना पैसे देऊनही जिन्नस विकत नसे. खिशात नाणे असून ते दुकानाच्या फळीवर स्वीकारले न जाणे, ही अवस्था बलुत्याच्या काळापेक्षा फारशी वेगळी नव्हती. पैशाची किंमत ही, घेणारा तो नाकारू शकत नाही, यावर अवलंबून असते, आणि त्या खेड्यांत तो नाकारला जाऊ शकत होता. म्हणूनच आंबेडकरांनी केवळ रोख मागितली नाही. ती सरकारी वसुलीतून आणि कायद्याच्या कलमाखाली मागितली. मला वाटते, पैशाविना चालणाऱ्या समाजाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी या अहवालाची ती पाने एकदा तरी वाचावीत. त्यांत पैसा असलेला आणि नसलेला, असे दोन्ही गाव एकाच गावात भेटतात.

१९३७ साली आंबेडकरांनी महार वतनाचा प्रश्न पुन्हा विधिमंडळात आणला, आणि तेव्हाही कायदा झाला नाही. महारवतनासह कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली मंजूर झाला. वतनाच्या जमिनी सरकारजमा होऊन मूळ धारकांना परत मिळावयाच्या, आणि त्याही नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीवाचून विकता न येणाऱ्या. परत घेताना धारकाने आकाराच्या ठरावीक पटीत कब्जेहक्काची किंमत खजिन्यात भरावयाची होती. आणि ही किंमत मुदतीत भरणे, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रोख आलीच नव्हती, त्यांतल्या कित्येकांना जमले नाही.