मुडुमालचे उभे दगड : दोन दगडांमधलं पंचांग

महाबळेश्वरला उगम पावणारी आपली कृष्णा कर्नाटक ओलांडून तेलंगणात शिरते, त्या भागात नारायणपेट जिल्ह्यात मुडुमाल हे गाव आहे. आज तिथल्या उभ्या दगडांबद्दल बोलू.

आम्ही तिथे गेलो तेव्हा काहीतरी भव्य बांधकाम दिसेल असं वाटलं होतं. दिसल्या त्या उघड्या माळावर उभ्या केलेल्या शिळा, दहा ते चौदा फूट उंचीच्या. अशा सुमारे ८० शिळा आहेत आणि भोवती लहान दगडांच्या ओळी. अभ्यासक त्यांचं वय साडेतीन ते चार हजार वर्षं मानतात. गावकरी त्यांना देव मानतात. ‘निलुराळ्ळ तिम्मप्पा’, म्हणजे उभ्या दगडांचा तिम्मप्पा.

आता यात खगोलशास्त्र कुठं आलं? सूर्य पूर्वेला उगवतो असं आपण म्हणतो. पण नेमका पूर्वेला तो वर्षातून दोनदाच, विषुवदिनांच्या सुमारास उगवतो. एरवी उगवतीची जागा सरकत राहते. मुडुमालच्या अक्षांशावर पूर्वेपासून उत्तरेला आणि दक्षिणेला साधारण २४-२४ अंश. मार्च-सप्टेंबरात ती रोज जवळजवळ सूर्यबिंबाएवढी सरकते, तर जून-डिसेंबरात काही दिवस थबकल्यासारखी वाटते. दोन शिळा एकमेकींपासून दूर रोवल्या आणि पहाटे एकीवरून दुसरीच्या रोखानं पाहिलं, की वर्षाचा कुठला टप्पा आला ते कळतं. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. नुसत्या चंद्रावर पेरणीचा हिशेब ठेवला तर दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात. म्हणून सूर्याची खूण लागते.

इथं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की इतक्या दगडांत एखादी जोडी सूर्याच्या रोखानं असणारच ना? असणारच. म्हणून एका जोडीनं काही सिद्ध होत नाही. ओळीच्या ओळी जुळाव्या लागतात. मुडुमालच्या काही ओळी अयनदिनांच्या आणि विषुवदिनांच्या सूर्याशी जुळतात, असं अभ्यासकांचं निरीक्षण आहे. शिवाय एका शिळेवरचे खळगे सप्तर्षींच्या आकृतीत आहेत.

म्हणजे हे पंचांग दगडात नाही, दगडांच्या मधल्या अंतरात आहे. बांध घालायला ओळीतला एक दगड उचलला तर दगड कुठंतरी राहतो, पण दिशा कायमची जाते. २०२५ साली हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलं, ही चांगलीच गोष्ट. पण तुम्ही गेलात तर पायाखालचा लहान दगडही हलवू नका. तो ओळीतला आहे की नाही, हे नुसतं बघून आपल्याला सांगता येत नाही.