नितळ पाण्यातील गळ

नदीच्या काठी गळ टाकून बसलेला मनुष्य पाहिला म्हणजे, हा कोणी आळशी मनुष्य असावा, असे पुष्कळांना वाटते. दोर पाण्यात सोडावा, माशाने आमिष गिळावे आणि आपण काठी उचलावी, एवढेच ज्यात करावयाचे, त्यात शिकण्यासारखे ते काय असणार? लहानपणी माझीही अशीच समजूत होती. ती एका लहानशा डोहाने दूर केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी जात असे. गावाजवळून नीरेला मिळणारी एक लहान नदी वाहते. वैशाखात तिची धार अगदी बारीक होई आणि खडकांमधून ठिकठिकाणी डोह उरत. पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. त्या डोहांत अळकूट नावाच्या माशांचे थवे फिरत. मी सुतळीला एक मोठा गळ बांधून व त्यावर गांडूळ लावून सकाळपासून बसत असे; परंतु एकही मासा त्याकडे फिरकत नसे. पलीकडच्या काठावर गावातील एक वृद्ध भोई येई, घटकाभर बसे आणि कालवणापुरते मासे घेऊन उठून जाई. एके दिवशी न राहवून मी त्याला विचारले, "बाबा, मासे तुमच्याच गळाला कसे लागतात?" तो हसून म्हणाला, "पोरा, तू बैलाचं दावं पाण्यात सोडलंस. मासा बोटाएवढा अन् दावं बैलाचं! त्याला काय डोळे न्हाईत?"

त्या एका वाक्यात या विद्येचे सारे मर्म होते. पुढे जे वाचले व पाहिले, त्याने त्या वाक्याचा अर्थ अधिकाधिक उलगडत गेला.

प्रथम त्या माशाची ओळख करून घेऊ. अळकूट हा पृष्ठभागाजवळ चरणारा मासा आहे. त्याचे शरीर सडपातळ व दोन्ही बाजूंनी चपटे असून पोटाची कड सुरीच्या धारेसारखी असते. तळाशी चरणाऱ्या पुष्कळ माशांचे तोंड खालच्या बाजूस असते. याचे मात्र वरच्या दिशेला वळलेले असते. पाण्यावर पडणारे मुंग्या, चिलटे, पतंग यांसारखे किडे टिपावयाचे, तर तोंड असेच हवे. संध्याकाळी शांत पाण्यावर एकामागून एक लहान वलये उठताना दिसतात, ती बहुधा अशाच माशांच्या भोजनाची खूण होय. कर्नल साईक्स या अभ्यासकाने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात अळकुटाच्या जातभाईंपैकी एकास त्याने दिलेले 'बालूकी' हे नाव शास्त्रात आजही चालते.

आता हा मासा आपल्याला कसा पाहतो, याचा विचार करू. पाण्यात शिरताना प्रकाशाचे किरण वाकतात, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच असाल. त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. मासा १० सेंटिमीटर खोल असेल, तर त्याची खिडकी पृष्ठभागावर जेमतेम २३ सेंटिमीटर रुंद असते. खिडकीच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. काठावर ताठ उभा असलेला मनुष्य या खिडकीत स्पष्ट दिसतो. परंतु तोच दूर व खाली बसला, तर त्याची आकृती खिडकीच्या कडेशी दबून अंधूक होते. तो वृद्ध भोई नेहमी खडकाआड उकिडवा बसे आणि सूर्य कधीही पाठीशी घेत नसे, याचे कारण हेच. सूर्य मागे असला की आपली सावली पाण्यावर पडते, आणि सावली हलताच सारा थवा क्षणात नाहीसा होतो.

माशाला ऐकूही उत्तम येते. अळकूट ज्या मोठ्या कुळातील आहे, त्या कुळातील माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिची कंपने लहान लहान हाडांच्या साखळीने थेट अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. आपण हवेत बोललेला शब्द बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. परंतु खडकावर आपटलेले पाऊल जमिनीतून पाण्यात शिरते. म्हणून गळ टाकणाऱ्याने हळू आवाजात बोलले तर एक वेळ चालेल, पण पाय आपटून चालता कामा नये.

यानंतर साधनांची गोष्ट येते. त्या वृद्धाची काठी बारीक चिव्याची होती. तिचा शेंडा इतका लवचीक, की चिमणी बसली तरी वाकेल. दोर नायलॉनच्या एका तंतूचा होता आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे जवळजवळ आपल्या केसाइतकी होती. नायलॉनचा शोध १९३८ मध्ये जगापुढे आला. त्यापूर्वी अशा कामासाठी घोड्याच्या शेपटीचे केस वापरीत. इंग्लंडातील आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ च्या प्रसिद्ध ग्रंथातही तशा दोरांचे वर्णन आहे. गळ तर एवढासा, की तो कणकेच्या ज्वारीएवढ्या गोळीत लपून जाई. पाण्यावर तरंगावयास मोरपिसाच्या देठाचा एक तुकडा, एवढाच सारा सरंजाम!

एवढा बारीक तंतू तुटत कसा नाही, असा प्रश्न तुम्हांस पडेल. त्याचे उत्तर काठीच्या शेंड्यात आहे. मासा ओढू लागला की शेंडा वाकतो आणि हिसक्याचा जोर स्वतःवर घेतो. तंतूवर ताण हळूहळू येतो. काठी ताठ असती, तर पहिल्याच हिसक्याला तंतू तुटला असता. हल्ली कार्बनच्या धाग्यांच्या अत्यंत हलक्या काठ्या मिळतात. त्यांचे द्रव्य नवे आहे, पण तत्त्व त्या चिव्याचेच आहे.

दोर हलका असण्यास आणखीही एक कारण आहे. पाण्यात पडलेला किडा प्रवाहाच्या गतीने, मुक्तपणे वाहत जातो. जाड दोर आमिषाला मागे ओढतो किंवा बाजूला खेचतो. प्रवाहाच्या विरुद्ध सरकणारी मुंगी अळकुटाने जन्मात पाहिलेली नसते. तो जवळ येतो, क्षणभर थांबतो आणि निघून जातो. गढूळ पाण्यात हा दोष खपून जाईल. नितळ पाण्यात काहीच खपत नाही.

त्या उन्हाळ्यात त्या वृद्धाने मला एक तंतू दिला. तीन दिवस रिकाम्या हाती परतल्यावर चौथ्या दिवशी मला पहिले अळकूट मिळाले. त्याचे रुपेरी अंग तळहातावर थरथरत होते. तो आनंद मी विसरलो नाही.

परंतु त्याच डोहाने मला दुसरा एक धडा दिला, तोही सांगितला पाहिजे. पुढील वर्षी काही मंडळींनी गेळफळे कुटून डोहात टाकली. त्या विषाने थोड्याच वेळात लहानमोठे सारे मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. आम्ही मुलांनी आरडाओरडा करीत टोपल्या भरल्या. त्यांत एक टोपली माझीही होती. डोळ्यांनी दिसतील न दिसतील अशी पिलेही त्यात मेली. ती कोणाच्याच उपयोगाची नव्हती. तो वृद्ध काठावर आला, त्याने पाण्याकडे पाहिले, तंतू बोटाभोवती गुंडाळला आणि एक शब्दही न बोलता तो परत गेला. विष अथवा स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले होते, हे मला फार पुढे कळले. ते तेव्हा ठाऊक असते, तरी त्या वृद्धाच्या मौनाने जी लाज वाटली, तीहून अधिक वाटली नसती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डोहाचे पाणी पूर्वीइतकेच नितळ होते. पण संध्याकाळी त्यावर एकही वलय उठले नाही. दोन-तीन पावसाळे गेल्यावर पुरांबरोबर अळकुटे पुन्हा आली. तो वृद्ध मात्र ती पाहावयास राहिला नव्हता.

विषाला माशाची ओळख लागत नाही. त्याला डोळे आहेत की नाहीत, तो काय खातो, कोठे राहतो, हे काहीच जाणावे लागत नाही. केसाएवढ्या तंतूला मात्र हे सारे जाणावे लागते. तो एका वेळी एकच मासा देतो आणि डोहात उद्यासाठी मासे शिल्लक ठेवतो. जाड दोराने मला एकही मासा मिळाला नाही, विषाने टोपलीभर मिळाले आणि बारीक तंतूने गरजेपुरते मिळाले. या तिहींपैकी खरी विद्या कोणती, हे आता निराळे सांगावयास नको.